आयफोनवर पीसीचे गेम खेळायचेत? आधी मशीन कोणाचं ते ठरवा

आयफोनवर पीसीचे आणि कन्सोलचे मोठे गेम छान चालतात. तरी ॲप स्टोअरमध्ये सेवेचं नाव टाकलं, काही सापडलं नाही आणि "आयफोनवर होत नाही" म्हणून नाद सोडला, असं सांगणारे मला सारखे भेटतात. त्यांना मी पहिला प्रश्न हाच विचारते: गेम ज्या मशीनवर चालणार ते मशीन कोणाचं? तुमचं स्वतःचं असेल तर रस्ता ॲप स्टोअरमधून जातो. कुठल्या कंपनीच्या डेटा सेंटरमधलं असेल तर रस्ता बहुतेक सफारीतून, म्हणजे आयफोनच्या ब्राउझरमधून, जातो. हे एकदा डोक्यात बसलं की शोधाशोध संपते आणि उरतं ते फक्त वायफाय नीट करणं.

मी पुण्यात ऑफिसांची आणि सोसायट्यांची नेटवर्क लावून देते. घरी माझा पीसी मागच्या खोलीत आहे आणि हॉलमधला टीव्ही संध्याकाळी सासूबाईंच्या मालिकांचा. त्यामुळे माझं खेळणं फोनवर, ब्लूटूथ कंट्रोलर घेऊन, बहुतेक गॅलरीत बसून होतं. खाली जे सांगतेय ते रोज वापरात असलेलं आहे.

स्ट्रीमिंग म्हणजे काय ते आधी दोन ओळींत. गेम दुसरीकडे चालतो. तिथलं चित्र व्हिडिओ होऊन तुमच्या फोनवर येतं आणि तुम्ही दाबलेली बटणं उलट तिकडे जातात. फोनचं काम व्हिडिओ दाखवण्याचं. म्हणून चार-पाच वर्षं जुना आयफोनही चालतो, आणि म्हणूनच यात फोनच्या ताकदीपेक्षा ॲपलच्या नियमांनी जास्त अडवलेलं आहे.

नियम कुठे अडवतो

ॲपलच्या नियमपुस्तकात रिमोट डेस्कटॉपसाठी, म्हणजे दुसऱ्या संगणकाचा पडदा फोनवर दाखवणाऱ्या ॲपसाठी, एक कलम आहे, ४.२.७. त्याचं सार असं: फोनवरच्या ॲपने वापरणाऱ्याच्या मालकीच्या पीसीलाच किंवा कन्सोललाच जोडायचं, दोन्ही उपकरणं एकाच घरगुती नेटवर्कवर हवीत, आणि ॲपमध्ये दुकानासारखी मांडणी करून नवीन काही विकायचं नाही. याच कलमाच्या शेवटी स्पष्ट लिहिलंय, की क्लाउडवर, म्हणजे कंपनीच्या डेटा सेंटरमध्ये, चालणाऱ्या गोष्टींची नुसती खिडकी म्हणून बनवलेली ॲप स्टोअरला चालणार नाहीत. पुढचा सगळा घोळ या एका कलमाभोवती फिरतो.

स्टीम लिंकचं प्रकरण बघा. व्हॉल्व कंपनीचं हे ॲप तुमच्याच पीसीवरचे स्टीमचे, म्हणजे व्हॉल्वच्या ऑनलाइन दुकानातून घेतलेले, गेम तुमच्याच फोनवर दाखवतं. मे २०१८ मध्ये ॲपलने ते आधी मंजूर केलं आणि मग व्यावसायिक हितसंबंधांचं कारण देऊन मंजुरी मागे घेतली. आमचं ॲप घरच्या नेटवर्कवरचा रिमोट डेस्कटॉपच आहे आणि तशी कितीतरी ॲप स्टोअरमध्ये आहेत, असं व्हॉल्वचं म्हणणं होतं. अँड्रॉइडवर त्याच महिन्यात लोक खेळायला लागले. आयफोनवर ते आलं मे २०१९ मध्ये, म्हणजे वर्षभराने, आणि तेही ॲपमधून गेम विकत घेण्याची सोय काढून. पीसी माझा, गेम माझा, फोन माझा, वायफायचं बिल मी भरते, आणि तरी एक वर्ष थांबायचं! मला हे तेव्हाही पटलं नव्हतं, आजही पटत नाही.

क्लाउडचं भांडण याहून मोठं. मायक्रोसॉफ्टने फेब्रुवारी २०२० मध्ये आयफोनवर आपल्या एक्सबॉक्सच्या क्लाउड सेवेची चाचणी सुरू केली. ॲपलच्या चाचणी-व्यवस्थेत दहा हजार लोकांचीच मर्यादा आहे, आणि त्यांनाही 'हेलो'चा एकच संच खेळायला मिळाला. ऑगस्टमध्ये ती चाचणी बंद झाली. सप्टेंबर २०२० मध्ये अँड्रॉइडवर ती सेवा दीडशेहून जास्त गेम घेऊन सुरू झाली. त्याच महिन्यात ॲपलने नवा नियम काढला: क्लाउडचे गेम चालतील, पण प्रत्येक गेम स्वतंत्र ॲप म्हणून तपासणीला द्यायचा, त्याचं स्टोअरमध्ये स्वतंत्र पान हवं, आणि खरेदी ॲपलच्या पैसे घेण्याच्या व्यवस्थेतून. म्हणजे दीडशे गेम असतील तर दीडशे ॲप. सिनेमे दाखवणाऱ्या सेवांना प्रत्येक सिनेमाचं वेगळं ॲप कोणी करायला लावत नाही, हा मायक्रोसॉफ्टचा मुद्दा मला बिनतोड वाटतो. ॲपलचं म्हणणं, गेममध्ये आपण हात घालतो, खरेदी करतो, मुलं खेळतात, म्हणून तपासणी आणि वयाचं लेबल प्रत्येकाला हवं. त्यातला मुलांबद्दलचा भाग मी हसण्यावारी नेत नाही, शेवटी त्याकडे येते. पण ॲपमधल्या खरेदीवर तीस टक्क्यांपर्यंत कमिशन मिळतं, हेही या नियमाच्या मुळाशी आहे, हे विसरून चालणार नाही.

मग कंपन्यांनी ब्राउझरचा रस्ता धरला. एनव्हिडिया या ग्राफिक्स कार्डवाल्या कंपनीचं जीफोर्स नाउ नोव्हेंबर २०२० मध्ये आयफोनच्या सफारीत आलं, गूगलचं स्टेडिया त्याच डिसेंबरात, आणि एक्सबॉक्सची क्लाउड सेवा २०२१ मध्ये. शेवटी २५ जानेवारी २०२४ ला ॲपलने जाहीर केलं, की आता एकाच ॲपमध्ये गेमची अख्खी यादी ठेवून स्ट्रीमिंग करता येईल, जगभर. त्याच वर्षी मार्चमध्ये अमेरिकेच्या न्यायखात्याने ॲपलवर मक्तेदारीचा जो खटला भरला, त्यात क्लाउड गेमिंग दाबल्याचा आरोप आहेच. नियम सैल झाला तरी मोठ्या कंपन्या ॲप घेऊन धावत आल्या नाहीत, कारण पैशांच्या अटी त्यांना परवडत नाहीत. जुन्या आर्केड गेमची अँटस्ट्रीम ही सेवा मात्र २०२४ मध्येच स्टोअरमध्ये आली. एवढा इतिहास पुरे. आता हात चालवू.

तुमचा स्वतःचा पीसी असेल तर

दोन ॲप लक्षात ठेवा: स्टीम लिंक आणि मूनलाइट. दोन्ही फुकट, दोन्ही ॲप स्टोअरमध्ये. प्लेस्टेशन असेल तर सोनीचं पीएस रिमोट प्ले २०१९ पासून आयफोनवर आहे. ते लावणं सोपं आहे, ॲप स्वतःच हाताला धरून नेतं, म्हणून त्यात मी वेळ घालवत नाही.

सगळ्यात आधी केबल. पीसी राउटरला लॅन केबलने जोडा. पीसीही वायफायवर, फोनही वायफायवर, असं केलंत तर प्रत्येक चित्र हवेतून दोनदा प्रवास करतं आणि अडखळतं. खोल्या लांब असतील तर कॅट सिक्स केबल भिंतीच्या कडेने पट्टीतून ओढून घ्या. खर्च थोडा आहे आणि फरक पहिल्याच दिवशी दिसतो. माझ्याकडे कोणी "गेम अटकतोय" म्हणून आलं की मी आधी केबल बघते, बाकी सगळं नंतर.

फोन पाच गिगाहर्ट्झच्या वायफायवर हवा. इंटरनेट कंपनीने दिलेल्या फायबरच्या डब्यात बहुतेक वेळा २.४ आणि ५ ही दोन्ही जाळी एकाच नावाने येतात आणि फोन मनाला येईल ते पकडतो. राउटरच्या पानावर जाऊन त्यांना वेगवेगळी नावं द्या, उदाहरणार्थ दुसऱ्याच्या शेवटी '५जी' लावा, आणि फोनला फक्त ते द्या. ब्लूटूथही २.४ वरच चालतं, त्यामुळे वायफाय आणि कंट्रोलर एकाच गर्दीत सोडले तर बटणंही उशिरा पोचतात. पाच गिगाहर्ट्झ सिमेंटच्या भिंतीतून फार लांब जात नाही, म्हणून राउटर टीव्हीच्या कपाटात कोंडून ठेवू नका.

आता पीसीवर स्टीम उघडा. सेटिंग्जमध्ये 'रिमोट प्ले' आहे, तिथे ते चालू करा. फोनवर स्टीम लिंक टाका, उघडा. इथे आयफोन एक परवानगी विचारतो: या ॲपला तुमच्या लोकल नेटवर्कवरची उपकरणं शोधू द्यायची का? 'अलाउ' म्हणा. आयओएस १४ पासून हा प्रश्न येतो आणि लोक न वाचता नकार देतात. मग ॲप "कंप्युटर सापडला नाही" असं म्हणत बसतं, आणि लोक पीसी फॉरमॅट करायला निघतात. चुकून नकार दिला असेल तर फोनच्या सेटिंग्जमध्ये 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी', त्यात 'लोकल नेटवर्क', आणि तिथे ॲपच्या नावापुढचं बटण हिरवं करा.

तरीही पीसी दिसत नसेल तर तीन ठिकाणं बघा. फोन राउटरच्या गेस्ट वायफायवर आहे का? गेस्टवरच्या उपकरणांना घरातली बाकी उपकरणं दिसू नयेत, हाच त्याचा हेतू असतो. विंडोजमध्ये तुमचं नेटवर्क 'पब्लिक' म्हणून नोंदलंय का? ते 'प्रायव्हेट' करा, नाहीतर फायरवॉल हाकच ऐकू देत नाही. आणि घरात दोन राउटर एकामागे एक लावलेत का? फायबरचा डबा एक आणि वर स्वतः विकत आणलेला दुसरा, हे आपल्याकडे फार घरांत असतं. तसं असेल तर दुसरा राउटर ॲक्सेस पॉइंट मोडवर टाका, म्हणजे सगळं एकाच नेटवर्कवर येईल.

पीसी सापडला की फोनवर चार आकडी पिन दिसतो, तो पीसीवरच्या स्टीममध्ये टाकायचा. पुढे ॲप नेटवर्कची चाचणी घेतं. ती टाळू नका, तिच्यातच कळतं की दोष वायफायचा आहे की पीसीचा. चित्राच्या दर्जात 'फास्ट', 'बॅलन्स्ड', 'ब्युटिफुल' असे पर्याय आहेत. बॅलन्स्डवर सुरू करा, शर्यतीचे किंवा गोळीबाराचे गेम असतील तर फास्टवर या.

मला स्वतःला मूनलाइट जास्त आवडतं. हे मुक्त स्रोत ॲप आहे, २०१३ मध्ये कॉलेजच्या पोरांनी सुरू केलेलं. पूर्वी ते एनव्हिडियाच्या गेमस्ट्रीम या पीसीवरच्या सोयीवर चालायचं. एनव्हिडियाने ती सोय बंद करायचं ठरवल्यावर तिची जागा सनशाइन या प्रोग्रामने घेतली. सनशाइन पीसीवर टाकायचं, मूनलाइट फोनवर. एनव्हिडियाचं कार्ड नसेल, एएमडी किंवा इंटेलचं असेल, तरी चालतं, आणि फुकट आहे.

सनशाइन बसवल्यावर पीसीच्या ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट, मग अपूर्णविराम, मग ४७९९० हा पोर्ट उघडायचा, सुरुवातीला 'एचटीटीपीएस' सकट. ब्राउझर "हे पान सुरक्षित नाही" असं लाल अक्षरांत सांगेल. पान तुमच्याच पीसीवरचं आहे आणि त्याचं प्रमाणपत्र त्याने स्वतःच बनवलंय, म्हणून तो इशारा येतो. पुढे जा. नाव आणि पासवर्ड ठरवा, पासवर्ड नीट मोठा ठेवा. मग फोनवर मूनलाइट उघडा, पीसीच्या चित्रावर कुलूप दिसेल, त्यावर बोट ठेवा, चार आकडे येतील, ते सनशाइनच्या 'पिन' या टॅबमध्ये टाका. जोडणी झाली.

मूनलाइटच्या सेटिंग्जमध्ये १०८० आणि ६० फ्रेम ठेवा, बिटरेट (दर सेकंदाला येणारा व्हिडिओचा डेटा) २० एमबीपीएस. लोक हौसेने तो पट्टा उजवीकडे ओढून शंभरावर नेतात. सहा इंचाच्या पडद्यावर तो फरक डोळ्याला दिसत नाही, अडखळणं मात्र दिसतं. एचईव्हीसी (व्हिडिओ दाबून लहान करण्याची पद्धत) चालू ठेवा, तेवढ्याच डेटात चित्र जास्त स्वच्छ येतं. आकडेवारी दाखवण्याचा पर्याय पहिले काही दिवस सुरू ठेवा. ६० फ्रेममध्ये एका चित्राच्या वाट्याला साधारण १६.७ मिलिसेकंद येतात, त्यामुळे घरच्या घरी नेटवर्कची लेटन्सी, म्हणजे जाण्या-येण्यात लागणारा वेळ, एक आकडी मिलिसेकंद असली पाहिजे. माझ्या गॅलरीत ती तीन-चारवर असते.

सगळं नीट असून दर थोड्या वेळाने एक बारीक झटका बसतो? हे आयफोन-आयपॅडचं खास दुखणं आहे. एअरड्रॉपसारख्या सोयींसाठी फोन मधूनमधून वायफायचा चॅनल सोडून शेजारी कोण आहे ते बघून येतो, आणि तेवढ्यात दोन-चार चित्रं हुकतात. खेळताना एअरड्रॉप बंद ठेवा. राउटरच्या पानावर पाच गिगाहर्ट्झचा चॅनल 'ऑटो'वर असतो, तो हाताने १४९ किंवा ४४ करून बघा. एअरड्रॉप हेच चॅनल वापरतं, त्यामुळे फोनला उडी मारून दुसरीकडे जावं लागत नाही. ही एक गोष्ट केल्यावर माझ्याकडे आलेल्या कित्येकांचे झटके गेलेत.

पीसी झोपी जाऊ देऊ नका, लॉक स्क्रीनवर सोडू नका. फोनचा लो पॉवर मोड बंद ठेवा. आणि लाइट जाणाऱ्या भागात राहत असाल तर राउटर इन्व्हर्टरवर आणि पीसी यूपीएसवर हवा, सेव्ह न केलेला गेम जाण्याचं दुःख मोठं असतं.

घराबाहेरून स्वतःच्याच पीसीवर

नियम म्हणतो एकाच नेटवर्कवर, आणि आपण तर आजोळी कराडला गेलोय. इथे टेलस्केल कामी येतं, हे व्हीपीएनचं, म्हणजे लांबची उपकरणं इंटरनेटवरून खाजगीपणे जोडणारं ॲप. ते पीसीवर आणि फोनवर टाका, दोन्हीकडे एकाच खात्याने लॉगिन करा. आता जगात कुठेही असलात तरी दोन्ही उपकरणं एकाच खाजगी जाळ्यात येतात. मूनलाइटमध्ये पीसी आपोआप दिसला नाही तर अधिकच्या खुणेवर जाऊन टेलस्केलने पीसीला दिलेला पत्ता टाका, तो १०० ने सुरू होतो.

राउटरवर पोर्ट (बाहेरून आत यायचं दार) उघडून हेच करता येतं असं अनेक व्हिडिओंत सांगतात. आपल्याकडे ते बहुतेक वेळा चालत नाही, कारण अनेक इंटरनेट कंपन्या घरोघरी वेगळा सार्वजनिक पत्ता देत नाहीत, शेकडो ग्राहक एका पत्त्यामागे असतात. त्यात पोर्ट उघडून ठेवणं सुरक्षिततेच्या दृष्टीनेही मला पसंत नाही. टेलस्केल दोन्ही प्रश्न सोडवतं. मात्र आयफोनवर एका वेळी एकच व्हीपीएन चालतो, तेव्हा ऑफिसचा चालू असेल तर आधी तो बंद करा.

बाहेरून खेळताना महत्त्वाचा वेग म्हणजे तुमच्या घरचा अपलोड, डाउनलोड नाही. फायबरचा प्लॅन घेताना दोन्ही वेग सारखे आहेत का ते विचारा. आणि बिटरेट आठ-दहावर आणा.

मशीन दुसऱ्याचं असेल तर: सफारी

पीसी नाही, कन्सोल नाही, तर क्लाउड सेवा. एक्सबॉक्सची सेवा भारतात नोव्हेंबर २०२५ मध्ये आली, जिओगेम्सची क्लाउड सेवाही आहे. तिसरी सेवा जीफोर्स नाउ. माझा भाऊ इंग्लंडमध्ये आहे, तो तेच वापरतो. त्यात गेम तुम्ही स्टीमवर किंवा दुसरीकडे विकत घेतलेलेच असतात, एनव्हिडिया फक्त मशीन भाड्याने देतं. एक्सबॉक्समध्ये वर्गणीसोबत गेमची यादी येते.

कृती अशी. सफारीत एक्सबॉक्स डॉट कॉम स्लॅश प्ले उघडा, जीफोर्ससाठी प्ले डॉट जीफोर्सनाउ डॉट कॉम. खाली मधोमध किंवा तीन टिंबांच्या मेनूत शेअरची खूण आहे, चौकोनातून वर जाणारा बाण. ती दाबा, खाली सरका, 'ॲड टू होम स्क्रीन' निवडा. नव्या आयओएसमध्ये 'ओपन ॲज वेब ॲप' असं बटण दिसतं, ते चालूच ठेवा. मग सफारी बंद करून होम स्क्रीनवरच्या त्या नव्या खुणेवरून उघडा आणि लॉगिन तिथे करा. पायरी गाळू नका. सफारीच्या साध्या टॅबमध्ये पत्त्याची पट्टी मध्ये येते, बोट सरकलं की पान मागे जातं. होम स्क्रीनवरून उघडलं की पूर्ण पडदा मिळतो आणि ते ॲपसारखंच वागतं.

"क्रोममधून करू का?" असं हमखास विचारतात. काही फायदा नाही. युरोपीय संघ आणि जपान सोडून बाकी ठिकाणी ॲपलच्या नियमाप्रमाणे आयफोनवरच्या प्रत्येक ब्राउझरला आतून सफारीचंच इंजिन, वेबकिट, वापरावं लागतं. नाव क्रोमचं असलं तरी आत तेच. ब्रिटनच्या स्पर्धा प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२२ मध्ये मोबाइल ब्राउझर आणि क्लाउड गेमिंग यांची चौकशी एकत्रच सुरू केली होती, ती उगीच नाही. ॲपचं दार बंद आणि ब्राउझरही एकाच कंपनीच्या हातात, अशी ती जोडी आहे.

कंट्रोलर हवाच. पडद्यावरची बटणं काही गेममध्ये आहेत, पण बहुतेक गेम त्यासाठी बनलेले नसतात, आणि आयफोनच्या सफारीत माउस-कीबोर्डवरचे गेम नीट जमत नाहीत. एक्सबॉक्स आणि प्लेस्टेशन, दोन्हींचे कंट्रोलर ब्लूटूथने जोडले जातात. प्लेस्टेशनच्या कंट्रोलरवर पीएसचं आणि शेअर किंवा क्रिएटचं बटण एकत्र दाबून धरा, दिवा लुकलुकला की फोनच्या ब्लूटूथमध्ये नाव दिसेल. फोनला दोन्ही बाजूंनी पकडणारा कंट्रोलर घेणार असाल तर आयफोन १५ पासून पुढे टाइप-सी, १४ पर्यंत लाइटनिंग. दुकानदाराला मॉडेल सांगूनच घ्या.

डेटाचा हिशोब आधी करा. १० एमबीपीएसने तासाला साडेचार जीबी जातो, २५ ने सव्वाअकरा. रोजच्या दोन जीबीच्या प्लॅनवर १० एमबीपीएसने अर्धा तासही मिळणार नाही. म्हणून हे घरच्या फायबरवरचं काम आहे. मोबाइल डेटावर खेळायचंच असेल तर बुद्धिबळ, पत्ते, पाळीपाळीने खेळायचे डावपेचांचे गेम निवडा, त्यांना थोडा उशीर चालतो.

आणि व्हीपीएन लावून परदेशातली सेवा भारतातून खेळायचा खटाटोप करू नका. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. पुण्याहून लंडन सात हजार किलोमीटरच्या वर, म्हणजे जाऊन-येऊन ७० मिलिसेकंद नुसत्या प्रवासातच गेले, तेही केबल सरळ रेषेत आहे असं धरून. त्यावर राउटर, सर्व्हर, व्हिडिओ उलगडणं. मुंबईतल्या सर्व्हरला पुण्याहून हाच प्रवास एक-दोन मिलिसेकंदांचा. जवळचा सर्व्हर नसेल तर वर्गणीचे पैसे वाया.

पैसे कुठे भरायचे

वर्गणी आणि गेम कंपनीच्या वेबसाइटवरून घ्या, पीसीवर किंवा ब्राउझरमध्ये. स्टीम लिंकमध्ये खरेदी सापडत नाही म्हणून लोक गोंधळतात, ती तिथे ठेवलेलीच नाही, कारण वर सांगितलं. पीसीवर स्टीममध्ये गेम घेतला की फोनवर आपोआप दिसतो.

ॲप स्टोअरमध्ये अशा सेवांची नावं आणि चिन्हं यांच्याशी मिळतीजुळती ॲप दिसतात, आठवड्याला पैसे कापणारी. डाउनलोड करण्याआधी नावाखाली बनवणाऱ्याचं नाव वाचा. आणि एखाद्या साइटने "हे प्रोफाइल टाका, मग ॲप चालेल" असं सांगितलं तर तिथूनच मागे फिरा. प्रोफाइल म्हणजे फोनच्या सेटिंग्ज बदलणारी फाइल, अनोळखी प्रोफाइलच्या हातात फोनच्या बऱ्याच किल्ल्या जातात आणि त्याच फोनवर तुमचं यूपीआय आहे.

अँड्रॉइडवाल्यांना यातलं फारसं लागू नाही. तिकडे स्टीम लिंक, मूनलाइट, एक्सबॉक्स, सगळ्यांची ॲप आहेत. केबल, पाच गिगाहर्ट्झ आणि डेटाचा हिशोब मात्र तुम्हालाही तोच.

घरात मुलं असतील तर

ॲपलचा मुलांबद्दलचा मुद्दा इथे खरा ठरतो. आयफोनच्या स्क्रीन टाइममध्ये तुम्ही वयाची मर्यादा घातली तरी ती ॲपना लागते. सफारीतून आलेल्या क्लाउड सेवेत आत कोणता गेम चालू आहे हे फोनला कळत नाही, मूनलाइटच्या आत कोणता गेम आहे हेही नाही. फोनच्या भरवशावर राहू नका, मर्यादा मशीनच्या बाजूला घाला.

एक्सबॉक्ससाठी मुलाचं वेगळं खाते उघडा, ते मायक्रोसॉफ्टच्या फॅमिली ग्रुपमध्ये घ्या, तिथे वय, वेळ आणि खर्च तिन्ही ठरवता येतं. स्टीममध्ये 'स्टीम फॅमिलीज' आहे, त्यात मुलाच्या खात्याला कोणते गेम दिसावेत ते तुम्ही निवडता. सनशाइन मात्र पूर्ण डेस्कटॉप उघडून देतं, म्हणजे तुमचे बँकेचे टॅब, फोटो, सगळं. मुलाच्या फोनवर मूनलाइट द्यायचं असेल तर पीसीवर त्याच्यासाठी विंडोजचं वेगळं साधं खाते करा आणि खेळायच्या वेळी तेच उघडं ठेवा. मुलाचा फोन बदलला किंवा कोणाला दिला, तर सनशाइनच्या पानावर जोडलेल्या उपकरणांची यादी आहे, तिथून जुना फोन त्याच दिवशी काढून टाका.